पाण्यात न फुटलेलं रक्त

मी हे लिहायला बसले तर पहिल्यांदा नवराच हसला. "तू? आणि असल्या अनुभवांच्या पानावर?" त्याचं बरोबरच आहे म्हणा. आमच्या गल्लीत कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन निघालं की मी आधी दार लावून घेते. लिंबू-मिरची टांगलेली दिसली तर लिंबू सोडवून सरबत करून पिईन, असल्या स्वभावाची मी. औषधशास्त्रात पीएच.डी. केलीय, मोजून मापून बोलायची सवय आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर. तेव्हा पांढरी साडी, पैंजणांचा आवाज वगैरे ज्यांना हवंय त्यांनी हे वाचूच नये. यात भूत नाही. दुपारी साडेबारा वाजता, लख्ख उजेडात, काचेच्या नळीत घडलेली गोष्ट आहे... आणि मी एकटीनंच पाहिली असंही नाही.

जागा परभणी. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. दुसऱ्या मजल्यावरची लॅब, खिडकीला लागून लिंबाचं झाड आणि त्यावर दिवसभर भांडणाऱ्या साळुंक्या. कोविड ओसरल्यानंतरचं दुसरं वर्ष. माझं संशोधन म्हणाल तर साधं होतं. सगळ्यांच्या घरात असते तशी एक जुनी दुखण्याची गोळी. दुखणं थांबवते, पण पोट जाळते. तिच्या रेणूत आम्ही थोडे थोडे बदल करून अकरा नवी संयुगं बनवली होती. सूज, दाह कमी करायचा गुण टिकतो का, हे माणसाच्या पेशींवर तपासायचं होतं.

आता मोठ्या शहरात यासाठी महागड्या पेशी वाढवतात. आमच्यासारख्या ठिकाणी जुनी, स्वस्त पद्धत चालते — माणसाचं ताजं रक्त. तांबडी पेशी म्हणजे एक इवलीशी पिशवी समजा. मीठ कमी असलेल्या पाण्यात टाकली की पाणी आत शिरतं, पिशवी फुगते, फुटते आणि आतला लाल रंग पाण्यात उतरतो. औषधात दम असेल तर पिशवीचा पडदा टिकतो, पाणी कमी लाल होतं. म्हणून काही नळ्यांत औषध घालायचं. एक नळी बिनऔषधाची ठेवायची, ती लाल व्हायलाच पाहिजे. आणि शेवटी एक नळी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची, म्हणजे मीठ अजिबात नसलेल्या शुद्ध पाण्याची. त्यात तर कुणाचंही रक्त असो, सगळं फुटतं. कोकम सरबतासारखी लाल होते ती नळी.

यात एकच अट फार कडक. रक्त देणाऱ्यानं आधीचे पंधरा दिवस दुखण्याची एकही गोळी घेतलेली नसावी. घेतली असेल तर पेशी आधीच टणक, सगळा हिशेब चुकतो.

असा माणूस शोधून दाखवा मला! कॉलेजात चारशे पोरं-पोरी, पण कुणाचं डोकं दुखलेलं, कुणाची दाढ, पोरींचे महिन्याचे चार दिवस... "मॅडम, कालच घेतली." दोन आठवडे मी नुसती हिंडत होते. शेवटी वैतागून एका रविवारी सेलूला अक्काकडे गेले आणि जेवता जेवता तिच्यासमोर रडगाणं गायलं.

अक्का म्हणजे माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव चारठाण्याच्या पुढं, आत. सातवीनंतर तिथं शाळा नव्हती, म्हणून मला सेलूला अक्काकडे ठेवलं. आठवी ते बारावी, पाच वर्षं. ती तिथं बालवाडी चालवायची. मामा, म्हणजे तिचे यजमान, लवकर गेले. तिचा मुलगा राजूदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्हा दोघांना आणि सेलूतल्या निम्म्या पोराटोरांना तिनंच वाढवलं म्हणायचं.

ते दिवस आठवले की मला अजून नाकात सरकीचा वास येतो. जिनिंग जवळच. दिवाळीनंतर कापूस आला की हवेत पांढरी तंतू-तंतू धूळ. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, अक्काच्या केसांवर. ती बालवाडीतून आली की मी तिच्या डोक्यातला कापूस वेचायचे आणि ती म्हणायची, "राहू दे पमे, म्हातारी दिसले तर लेकरं जरा तरी भेतील." लेकरं कशाची भेतायत! तिच्या अंगाखांद्यावर चढायची. तिची एकच शिस्त — खोटं बोलायचं नाही. फुटलेली पाटी चालेल, चड्डीत केलेली चालेल, खोटं चालणार नाही. मी नववीत एकदा ट्यूशनला दांडी मारून मैत्रिणीकडे गेले आणि घरी येऊन थाप मारली. अक्का रागावली नाही, मारलं नाही. दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते हो.

आणि गोळ्यांशी तिचं वाकडं. गुडघा धरला तर निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची, कंबर धरली तर तव्यावर वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची. म्हणायची, "दुखणं पाव्हण्यावाणी असतंय. त्याला चहा पाजावा, बसू द्यावं. जातंय आपलं."

तर माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "रक्त पायजे ना तुला? मग घे की माझं. किती लिटर घेतीस?"

"दहा मिली, अक्का. दोन चमचे."

"एवढ्यासाठी एवढी बेजार झालीस व्हय? मी तर जन्मात गोळी खाल्ली न्हाई, माय."

मला तर घरातच खजिना सापडल्यासारखं झालं. नोव्हेंबरपासून अक्का दर पंधरवड्याला सेलूहून सकाळची पॅसेंजर धरून यायला लागली. मी नको म्हणायचे, तरी डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कधी करडईची भाजी. आधी लॅबमध्ये सगळ्यांना वाटायची. आमचे लॅब अटेंडंट गफूरचाचा तर तिची वाटच बघायचे. मग खुर्चीवर बसून पदर खोचून हात पुढं करायची. सिस्टर सुई टोचायची तेव्हा अक्का तिलाच धीर द्यायची, "घाबरू नको गं, दुखत न्हाई मला." रक्त दिलं की बाहेरच्या बाकावर बसून चहा पिणार, दुपारच्या गाडीनं परत. त्या बाकावर मी कधीमधी तिच्याशेजारी जाऊन बसायचे. एवढी मोठी झाले तरी तिच्या मांडीला मांडी लावून बसलं की मला बरं वाटायचं. एवढ्या महिन्यांत ती वाळत चालली होती, हे मला दिसलं नाही का? दिसलं. "अक्का, डाएट करायलीस का काय?" असं मी विचारलंही. ती हसली आणि मीही हसले.

पहिल्या चार खेपा उत्तम गेल्या. पाचवी खेप संक्रांतीच्या दोन दिवसांनंतरची.

अक्कानं तिळाचे लाडू आणले होते. गफूरचाचांच्या हातावर ठेवून "गोड बोला" म्हणाली. चाचा म्हणाले, "हम तो मीठाच बोलते अक्का, आमच्या मॅडमला दोन जादा द्या." सगळे हसले. मी नाही हसले. प्रगती अहवाल दहा दिवसांवर आला होता, माझे गाईड सर मागे लागलेले, आणि सात नंबरचं संयुग चांगलं निघेल अशी आशा दिसायला लागली होती. त्या दिवशीचे आकडे नीट आले की झालं, अशी वेळ.

रक्त घेतलं, पेशी धुतल्या, नळ्या भरल्या. आमच्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवायच्या मशीनमध्ये, आठच नळ्या मावतात. म्हणून दोन खेपा करायच्या. पहिली खेप बाहेर काढली आणि बिनऔषधाची नळी बघितली तर... पाणी स्वच्छ. पेशी सगळ्या तळाशी लाल चकतीसारख्या बसलेल्या आणि वर नितळ पाणी. औषधाचा थेंब नाही त्यात!

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. गोळी. अक्कानं गोळी खाल्ली आणि सांगितलं नाही. पंधरा दिवस वाया.

मी तशीच बाहेर गेले. अक्का बाकावर बसून बशीत चहा ओतत होती.

"अक्का, खरं सांग. गोळी घेतलीस ना?"

"न्हाई गं."

"गुडघा दुखला असेल, कुणी दिली असेल हातावर... घेतली असशील तर घेतली म्हण. माझं काम अडतं."

"न्हाई म्हणलं ना, पमे."

"अक्का, रक्त खोटं बोलत नाही."

तिनं बशी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. "आन् मी बोलते व्हय?"

कॉरिडॉरमध्ये पोरं उभी होती. सिस्टर दारात होती. त्या सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "मग हे कशानं झालं ते तूच सांग." आणि वळून आत आले. ज्या बाईनं मला खरं बोलायला शिकवलं, तिला मी चारचौघांत खोटारडी ठरवलं. दहा मिनिटांनी चाचा आत येऊन म्हणाले, "मॅडम, अक्का गेल्या. चहा तशीच टाकून गेल्या."

 दुसरी खेप काढली. त्यात शेवटची नळी डिस्टिल्ड वॉटरची. ती उजेडात धरली. तीही स्वच्छ!

नीट समजून घ्या. बिनऔषधाची नळी स्वच्छ राहिली तर त्याला एक वेळ गोळीचं कारण देता येतं. पण शुद्ध पाण्यात पेशी फुटतेच. माणसानं अख्खं पाकीट खाल्लं तरी फुटते. असं कुठलंच औषध जगात नाही, जे तिला निव्वळ पाण्यात वाचवेल. आम्ही या नळीला 'शंभर टक्के' म्हणतो ते उगाच नाही.

पाण्याच्या जागी कुणी सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, भरलं असणार, असं वाटून मी कॅन बदलला. नवा सीलबंद कॅन फोडला. अक्काचं रक्त टाकलं — स्वच्छ. सिस्टरला बोलावून माझं रक्त काढायला लावलं, त्याच कॅनच्या पाण्यात टाकलं — डोळ्यांदेखत लाल. पुन्हा अक्काचं. स्वच्छ. नळाचं पाणी घेतलं. स्वच्छ. चाचांनी तर हट्टानं पिण्याच्या माठातलं पाणी आणलं. त्यातही पेशी अलगद खाली जाऊन बसल्या. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एकूण एक पेशी अख्खी. गोल गोल, शांत, पाण्यात पडल्याचा पत्ताच नसल्यासारख्या.

"मॅडम," चाचा हळूच म्हणाले, "पच्चीस साल से नळ्या धोतोय मी. ऐसा खून नै देखा. ये फूटताच नै."

अडीचला सर आले. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन नळ्या लावल्या. मशीनवर लाल रंग मोजला. आकडा शून्याला चिकटलेला. सरांनी चष्मा पुसून पुन्हा आकडा बघितला. मग म्हणाले, "हा सेट टाकून दे. वहीत 'तांत्रिक दोष' लिही. आणि बाहेर बोलू नकोस, लोक आपल्याला वेड्यात काढतील." तसं मी लिहिलं. उरलेलं रक्त मात्र फ्रीजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तेच रक्त, तोच कॅन. थेंब टाकला आणि पाणी लाल. पुन्हा टाकला, पुन्हा लाल. चारचौघांच्या रक्तासारखं फुटत होतं. म्हणजे हातात पुरावाही राहिला नाही.

तुम्ही म्हणाल, मग लगेच अक्काची माफी मागितली असशील. नाही ना मागितली! काय सांगणार होते? "अक्का, तुझं रक्त पाण्यातसुद्धा फुटलं नाही, म्हणजे तू खरं बोलत होतीस"? मलाच पटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. फोन केला, तर वैशालीवहिनीनं, म्हणजे राजूदादाच्या बायकोनं उचलला. "झोपल्यात त्या," म्हणाली. मला हायसंच वाटलं. आता ती यायची नाही असं धरून मी चाललेले.

पण पंधराव्या दिवशी अक्का हजर! तोच डबा, तसंच खुर्चीत बसून हात पुढं. जिना चढताना दोनदा थांबली, असं चाचांनी नंतर सांगितलं. मी बोलायचं म्हणून बोलले, "गाडी वेळेवर होती का?" ती म्हणाली, "व्हती की." नळ्या लावल्या. सगळं जिथल्या तिथं. जी लाल व्हायची ती लाल, सात नंबरची फिक्की. मी आनंदानं बाहेर आले. अक्का बाकावरच होती, चहा न घेता बसलेली.

"यावेळी बरं आलं का गं?"

"हो अक्का, यावेळी अगदी बरोबर आलं."

तिच्या कानाला ते कसं लागलं असेल, हे मला त्या घडीला सुचलं नाही. यावेळी बरोबर, म्हणजे मागच्या वेळी तू खोटी. तिनं मान हलवली. "मंग झालं तर," म्हणाली. "अजून लागतंय का रक्त?"

"नाही, झालं माझं काम."

"नक्की?"

"नक्की."

ती उठली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बालवाडीतल्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मी तिला रिक्षात बसवलं. जिवंतपणी ती मला दिसली ती शेवटची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राजूदादाचा फोन आला. आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दहाव्याच्या दिवशी बायका पांगल्यावर वैशालीवहिनी मला मागच्या खोलीत घेऊन गेली. एक प्लास्टिकची फाईल काढून हातात दिली. वरचा कागद दिवाळीच्या आधीचा, नांदेडच्या डॉक्टरचा. रोग हाडापर्यंत पोचलेला. खाली दुखण्याच्या गोळ्या, दिवसातून दोनदा. मोठ्या ताकदीच्या. ते औषध कुणाला देतात आणि किती दुखत असेल तेव्हा देतात, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

"दिवाळीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. आणून ठेवलेल्या गोळ्या तशाच. आमी लय सांगितलं, ह्यांनी पाया पडले. ऐकायलाच तयार न्हाईत. म्हणायच्या, पमीला रक्त द्यायचंय, गोळी खाल्ली की तिला चालत न्हाई. तिचं पास होऊ द्या, मग खाते. आन् तुम्हाला सांगितलं तर बगा, अशी शप्पत घातली आमाला. दुखायचं तेव्हा तोंडात पदर धरून बसायच्या, वन्सं. लेकरं उठू नयेत म्हणून."

मी वरच्या कागदावरची तारीख पुन्हा वाचली.

"संक्रांतीनंतर आल्या ना परभणीहून, त्या दिवशी जेवल्या न्हाईत. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणल्या, पमी लय हुशार झाली बाई, नुसतं रक्त बघून बोलते. पण आज जरा चुकली." वहिनी डोळे पुसत होती. "आमाला वाटलं आता तरी गोळी घेतील. न्हाई. म्हणल्या, परत जायचंय, पंधरा दिवस मोजायला लागतील. शेवटच्या खेपेवरून आल्या आन् दारातच म्हणल्या — आण गं वैशे, गोळी आण. झालं पमीचं काम."

रक्त घेण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. त्यात विचारलेलं असतं, काही आजार आहे का. सहाही खेपांना तो फॉर्म मीच भरला होता. घरचंच माणूस, विचारायचं काय म्हणून मी स्वतःच 'नाही' वर टिक करायचे आणि तिची सही घ्यायचे. परक्या माणसाला मी शंभर प्रश्न विचारले असते.

लोकांना मी हे सांगते तेव्हा कुणी म्हणतं, आजारात पेशींचा पडदा बदलत असेल. मी वाचलंय हो सगळं. पडदा थोडाफार बदलतो, पण शुद्ध पाण्यात अख्खी पेशी टिकत नाही. आणि आजार तर सहाही खेपांना होता, मग त्या एकाच दिवशी का? दुसऱ्या दिवशी तेच रक्त का फुटलं? सर आता निवृत्त झालेत. भेटले की हवापाण्याचं बोलतात, तो विषय काढत नाहीत. चाचा म्हणतात, "उस दिन अक्का बोहोत कुछ अंदर रोक के बैठी थी, मॅडम." हे काही उत्तर नाही, मला माहितीय. माझ्याकडे तेवढंही नाही.

सात नंबर पुढं उंदरांपर्यंत गेला आणि तिथं अडकला. मला पदवी मिळाली. प्रबंधात रक्ताबद्दल दोन वाक्यं लिहावी लागतात, सगळेच लिहितात, एकमेकांचं बघून उतरवतात. मीही उतरवलं होतं — 'निरोगी स्वयंसेविकेचे रक्त घेतले. तिने आधीचे पंधरा दिवस कोणतीही वेदनाशामक गोळी घेतलेली नव्हती.' छापायला देण्याच्या आदल्या दिवशी मी त्यातला 'निरोगी' हा शब्द पेनानं खोडला. पुढच्या वाक्यावर पेन टेकवला, आणि मग टाहो फोडून रडले. ते एक वाक्य माझ्या अख्ख्या प्रबंधात सगळ्यात खरं होतं आणि मी तिला त्याच्याचबद्दल खोटं म्हणाले होते.